राघू चावतो तेव्हा



एक साधा प्रश्न आज तुमच्यापुढे ठेवायचा आहे. ज्या हाताने तीन-चार वर्षे पेरूच्या फोडी भरवल्या, त्याच हाताला घरातला राघू एके दिवशी कडकडून चावला, तर अपराध कोणाचा?

प्रश्न पोपटाचा आहे म्हणून तो लहान समजू नका. आपल्याकडे अशी पुष्कळ घरे आहेत, जिथे पडवीत किंवा खिडकीत पिंजरा टांगलेला असतो, आतून येणाऱ्या-जाणाऱ्याला ‘विठ्ठल विठ्ठल’ ऐकू येते आणि घरातली म्हातारी माणसे दुपारचा रिकामा वेळ त्याच्याशी बोलण्यात घालवतात. अशा घरात राघूला लेकराची जागा असते. म्हणूनच तो उलटला की सारे घर हबकते. बोटाची जखम चार-आठ दिवसांत भरून येते. मनात मात्र एक वाक्य ठसठसत राहते: ‘एवढे केले याच्यासाठी, आणि हा असा उलटला!’

हे वाक्य नीट ऐका. त्यात पोपट थोडा आहे आणि हिशेब फार आहे. आपण दिलेले दाणे, पाणी, माया, वेळ असे सगळे एका बाजूला मांडलेले आहे आणि दुसऱ्या बाजूला त्याने काय परत करायचे होते तेही आपणच लिहून ठेवले आहे. त्या वहीवर राघूची सही कधी घेतली होती का? या प्रश्नाकडे जायचे आहे; पण आधी तो का चावतो ते पाहू. माणसाला दोष देण्याआधी आपण कारण विचारतो. पाखराला तोच न्याय लावला पाहिजे.

घरोघरी दिसतो तो हिरव्या अंगाचा, लाल चोचीचा, लांब शेपटीचा पोपट. बहुधा तो पिल्लू असतानाच घरात आलेला असतो. दीड ते तीन वर्षांच्या सुमारास नराच्या गळ्याभोवती काळी-गुलाबी रेघ उमटते. आपण म्हणतो, राघूला कंठ फुटला. मुलगा वयात आला, त्याचा आवाज बदलला, की त्यालाही आपण हेच म्हणतो. आपल्या भाषेने फार पूर्वी ओळखलेली गोष्ट आपण मात्र विसरतो. राघू आता पिल्लू राहिलेला नाही, हे तो कंठ सांगत असतो. मादीला असा ठळक कंठ येत नाही; पण वयात तीही येते, आणि या जातीत मादीचा दरारा नराहून अधिकच असतो.

पौष-माघ लागला की रानातले पोपट झाडांच्या ढोल्या हुडकू लागतात. जोड्या जमतात, ढोलीसाठी दुसऱ्या पाखरांशी भांडणे होतात. पिंजऱ्यातल्या राघूच्या अंगातही तोच ऋतू येतो. त्याच्या रक्ताला पिंजऱ्याच्या गजांची माहिती नसते. ढोली नाही, म्हणून तो पिंजऱ्यालाच ढोली मानतो. मोकळा सोडला तर कपाटामागची अंधारी फट गाठतो. जोडीदार नाही, म्हणून घरातले एक माणूस निवडतो. मग पिंजऱ्यात वाटी ठेवायला गेलेला हात त्याला घरात शिरलेल्या चोरासारखा दिसतो, आणि आवडत्या आजीच्या मांडीवर बसायला आलेली नात वैरीण वाटते. त्यात आपण लाडाने त्याच्या पाठीवरून, पंखांखालून हात फिरवत असतो. त्याच्या जातीत असा स्पर्श जोडीदारच करतो. आपण माया करतो, आणि नकळत त्याच्या अंगातली आग वाढवतो.

दुसरे कारण भीतीचे. पोपट हे शिकार होणारे पाखरू आहे. ससाणा, मांजर, साप यांच्यापासून जीव वाचवणाऱ्यांच्याच वंशात तो जन्मला. म्हणून पिंजऱ्याची जागा बदलली, भिंतीला नवा रंग लागला, घरात लग्नाची गर्दी झाली, खिडकीत एखादे मांजर येऊन बसू लागले, एवढेही त्याला पुरते. आपल्याला त्या गोष्टी किरकोळ वाटतात. त्याच्या जगात मात्र त्या दिवशी उलथापालथ झालेली असते.

तिसरे कारण दुखण्याचे, आणि तेच सर्वांत जास्त नजरेआड होते. रानात दुबळे दिसणारे पाखरू आधी मारले जाते, म्हणून पाखरे आजार शेवटपर्यंत लपवतात. एरवी शांत असलेला राघू चावू लागला, पिसे फुगवून बसू लागला, खाणे कमी झाले, विष्ठेचा रंग बदलला, श्वासागणिक शेपटी खालीवर होऊ लागली, तर तो रागावलेला नसून दुखण्याने बेजार असण्याचा संभव मोठा. पिसे गाळण्याच्या दिवसांतही तसेच. नवे पीस कोंबासारखे बाहेर येते, त्यात रक्त खेळत असते, आणि त्याला धक्का लागला तरी कळ येते. त्यावर आपण हात फिरवला तर तो चावणारच.

चौथे कारण अगदी घरगुती आहे. या पाखराला रात्री दहा-बारा तास शांत, अंधारी झोप लागते. आपल्या घरात टीव्ही अकरापर्यंत चालतो, दिवा बारापर्यंत जळतो, पहाटे पाचला पुन्हा भांडी वाजतात. वर्षभर झोपमोड झालेल्या माणसाशी सकाळी कोणी बोलायला गेले तर तो काय करील?

आता ‘एकाएकी’ या शब्दाकडे वळू. राघू एकाएकी चावला, असे प्रत्येक घरात सांगतात. पण तो बहुधा एकाएकी चावत नाही. चावण्याआधी त्याच्या डोळ्याची बाहुली क्षणात बारीक, क्षणात मोठी होते. मानेवरची पिसे ताठ उभी राहतात. शेपटी पंख्यासारखी पसरते. अंग आखडते, चोच किंचित उघडते, एखादे वेळी तो एक पाऊल मागे सरकतो. तो आधी ‘नको’ म्हणतो, मग ‘पुरे’ म्हणतो. आपण त्याला ‘विठ्ठल’ म्हणायला शिकवले, ‘मिठू मिठू’ शिकवले, पाहुण्यांपुढे बोलायला लावले. आणि त्याची स्वतःची भाषा मात्र शिकलो नाही. मग ती त्याने चोचीने बोलून दाखवली, तेव्हा आपल्याला एकदम ऐकू आली.

रानात असता तर चावण्याची वेळ क्वचितच आली असती. नको असलेल्या गोष्टीला पाखराचे पहिले उत्तर उडून जाणे हेच असते. पिंजऱ्याने आणि कातरलेल्या पंखांनी ते उत्तर आपण त्याच्याकडून काढून घेतले. ज्याला दूर जाता येत नाही, त्याच्याजवळ दूर सार एवढेच सांगणे उरते. त्याच्या चोचीला आपण कृतघ्नपणा म्हणतो, पण ती त्याच्या हातात राहिलेली शेवटची गोष्ट असते.

हे ध्यानात आले की काय करू नये ते आपोआप कळते. त्याला मारू नये, चोचीवर टिचकी देऊ नये, पिंजरा हलवू नये, अंगावर पाणी फेकू नये, शिक्षा म्हणून उपाशी किंवा दिवसा कापडाखाली अंधारात ठेवू नये. शिक्षा म्हणजे काय हे त्याला समजत नाही. हा हात धोक्याचा आहे, एवढेच समजते, आणि मग त्याचे चावणे पक्के होते. ओरडूही नये. पोपट हे गलबला करणारे पाखरू आहे. आपल्या आरड्याओरड्यात त्याला कधी भीती वाटते, तर कधी गंमत.

काय करावे तेही सांगतो. चावले तर हात झटकू नका. शांतपणे त्याला जवळच्या दांडीवर उतरवा आणि थोडे बाजूला व्हा. पाखरांची माहिती असलेल्या पशुवैद्याला पहिल्या एक-दोन दिवसांतच दाखवा. दुखणे नाही असे ठरल्यावर मग स्वभावाचा विचार. संध्याकाळी लवकर पिंजरा शांत खोलीत न्या, त्याची रात्र त्याला परत द्या. अंधारी फट, खोके, उघडे कपाट बंद करा. पाठीवरचा हात थांबवा. त्याने स्वतः डोके पुढे केले तर डोक्यावर हलकेच खाजवा, तेवढे पुरे. कुरतडायला कडुलिंबाची किंवा पेरूची ओली फांदी द्या. त्या चोचीला काम हवे असते. पिंजऱ्यात हात घालून त्याला ओढून काढू नका. दार उघडा आणि त्याला बाहेर यायचे की नाही ते त्याच्यावर सोडा. रोज थोडा वेळ पिंजऱ्यापासून अंतरावर बसा, आवडती हिरवी मिरची किंवा पेरूची फोड पुढे धरा आणि त्याने ‘नको’ म्हणण्याआधीच मागे या. मिरचीची काळजी करू नका, तिचा तिखटपणा पाखरांना लागत नाही. हे एका दिवसाचे काम नाही. आठवडे लागतील, कधी महिने. ऋतू सरला की पुष्कळदा आगही निवते.

आता त्या हिशेबाच्या वहीकडे परत येऊ.

तुकोबारायांविषयी परंपरेने सांगितली जाणारी एक कथा तुम्ही कीर्तनात ऐकली असेल. दाणे टिपणारी पाखरे तुकोबांची चाहूल लागताच भुर्रकन उडाली. आपण असतो तर ‘उडाली’ एवढेच म्हणून पुढे गेलो असतो. तुकोबांना मात्र ते लागले. आपल्याला पाहून जीव भितात, म्हणजे आपल्यात अजून भिण्यासारखे काही शिल्लक आहे, असे त्यांनी मानले आणि ते तिथेच निश्चल उभे राहिले. पाखरांना बोलावले नाही, धरले नाही, समजावले नाही. उभे राहिले. शेवटी पाखरांची भीती गेली आणि ती त्यांच्या खांद्यावर येऊन बसली.

या कथेतला चमत्कार क्षणभर बाजूला ठेवा आणि तिच्यातला क्रम पाहा. बदल पाखरांनी करायचा नव्हता. ज्याला जवळीक हवी, त्याने आधी स्वतःला स्थिर केले. किती वेळ लागेल हे पाखरांनी ठरवले. आणि ती आली नसती तर? तर तुकोबांनी त्यांच्यावर रागावण्याचा प्रश्नच नव्हता, कारण त्यांनी उभे राहताना कोणतीही अट घातली नव्हती. चावऱ्या राघूसमोर आठवडेच्या आठवडे शांत बसणारा माणूस, त्याच्या ध्यानात असो वा नसो, याच वाटेवर दोन पावले चालत असतो.

माया आणि व्यवहार यांतला फरक इथे दिसतो. व्यवहारात दिलेल्याचे मोल मागता येते आणि त्यात काही वाईट नाही. पण मायेचे मोल मागितले की त्या क्षणापासून मागे मोजूनही ती माया राहत नाही. ‘एवढे केले’ असे म्हणताच तीन वर्षांच्या पेरूच्या फोडी उधारीच्या होतात. राघूने बोट फोडले हे खरे. ती तीन वर्षे नासवणे मात्र आपल्या हाती असते.

कोणी विचारील, रोज विठ्ठलनाम घेणारे पाखरू चावतेच कसे? याचे उत्तर कठीण नाही. त्याने आपला आवाज उचलला. त्या शब्दामागचा भाव उचलण्याची जबाबदारी त्याच्यावर कधीच नव्हती. गणिकेची कथा आठवा. ती पोपटाला रामनाम शिकवता शिकवता तरली, असे संत सांगतात. कथेत तरली ती शिकवणारी! राघूला नाम शिकवणाऱ्या घराने म्हणूनच स्वतःकडे पाहावे. त्या नामाने पाखरू शांत झाले का, हे विचारण्याआधी चावा बसलेल्या क्षणी आपल्या तोंडून काय निघाले, ते आठवून पाहावे.

दुसरी शंका अधिक रास्त आहे. मग चावून घेत राहायचे का? घरात लहान मूल आहे, त्याच्या डोळ्याला चोच लागली तर? नाही, चावून घेणे म्हणजे दया नव्हे. मूल आणि राघू यांच्यात अंतर ठेवावे, मुलाला एकटे पिंजऱ्याजवळ सोडू नये, खांद्यावर त्याला बसवूच नये. भूतदयेत तुमच्या घरातले जीवही येतात. पण सीमा आखणे वेगळे आणि सूड घेणे वेगळे. दोन्हींत पिंजऱ्याचे दार बंदच होते. कोणत्या मनाने ते लावले, हे मात्र लावणाऱ्याला ठाऊक असते.

आणि आता सर्वांत अवघड गोष्ट. तिला बगल देऊन हा लेख पुरा होणार नाही. हे पाखरू मुळात पिंजऱ्यात असावे का? कायद्याचे उत्तर स्पष्ट आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आपले देशी पोपट पकडणे, विकणे, विकत घेणे, घरात कोंडून ठेवणे हा गुन्हा आहे. बाजारात मिळणारे पिल्लू ढोलीतून उचललेले असते, आणि त्याच्या मागे किती पिल्ले वाटेतच मेली ते विकणारा सांगत नाही. कायदा बाजूला ठेवला तरी विवेक तेच सांगतो. थव्याने उडणाऱ्या, संध्याकाळी शेकड्यांनी एका झाडावर उतरणाऱ्या जिवाला आपण दीड हाताच्या जागेत एकटे ठेवतो, आणि ‘याला आमचा लळा आहे’ असे म्हणतो. लळा असेलही. पण दुसरे कोणी उरलेच नसेल तर त्या लळ्याचा अभिमान किती धरावा?

ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात माऊलींनी पोपट आणि नळीचा दृष्टान्त दिला आहे. पारधी दोरीवर नळी ओवतो. पोपट तिच्यावर बसतो, त्याच्याच भाराने नळी फिरते, तो उलटा लोंबकळतो. त्याला कोणी धरलेले नसते. पण आपण बांधले गेलो असे मानून तो नळी आणखी घट्ट धरतो, आणि शेवटी सापडतो. पाय सोडले असते तर तो मोकळाच होता. आत्मा आपणच आपल्याला कसा बांधून घेतो, हे सांगण्यासाठी तो दृष्टान्त आला आहे. चावऱ्या राघूच्या पिंजऱ्यापुढे उभे राहून तो आठवला, तर नळीवरचा पोपट कोण, असा प्रश्न पडतो. गजांच्या आत आहे त्याला तर खरोखरच कोंडले आहे. त्याने पाय सोडून काही होणार नाही. ‘माझा राघू’, ‘माझ्याच हातून खातो’, ‘माझ्यावाचून राहत नाही’ ही नळी आपण धरली आहे. तो चावतो तेव्हा ती फिरते, आपण उलटे होतो, आणि सोडण्याऐवजी मूठ अधिक आवळतो.

पण सोडायचे म्हणजे काय, इथे घाई करू नका. वर्षानुवर्षे हाताने खाल्लेला, पंखांत बळ नसलेला राघू गच्चीवरून उडवून दिला तर तो मुक्त होत नाही. त्याला अन्न शोधता येत नाही, ससाण्याची सावली ओळखता येत नाही. कावळे आणि मांजरी त्याला दोन दिवस जगू देत नाहीत. चावला म्हणून रागाने उडवून देणे आणि त्याला ‘पुण्य’ म्हणणे, यासारखी फसवणूक नाही. योग्य वाट जरा लांबची आहे. वनविभागाला कळवावे, महाराष्ट्रात त्यासाठी १९२६ हा क्रमांक आहे. वन्यजीवांची शुश्रूषा करणाऱ्या केंद्रात पाखराला तपासतात, त्याच्या जातीच्या थव्यात ठेवतात, पंखांना बळ आले तर रानात सोडतात, आणि सोडण्याजोगे नसेल तर तिथे सांभाळतात. तिथे पोहोचेपर्यंत, मग ते दोन दिवस असोत की दोन महिने, तो चावो अथवा न चावो, त्याची रात्र, त्याचे अन्न, त्याचा ‘नको’ सांभाळणे आपल्याकडे लागते. पिंजरा रिकामा झाल्यावर दुसरे पिल्लू आणायचे नाही, हेही त्यातच आले.

ज्या घरातून राघू असा जाईल, त्या घरातल्या आजीच्या डोळ्यांत पाणी येईल. येऊ द्यावे. इतकी वर्षे जे दिले त्याचे काय झाले, असे तिला वाटेल. तिला सांगावे की ते कुठे गेले नाही. दिले होते, ते दिलेच आहे.

आणि ज्यांच्या घरी पिंजरा कधीच नव्हता, त्यांनी हा लेख आपला नाही असे समजू नये. एरवी शांत असलेले वडील हल्ली जेवताना खेकसतात; गुडघ्याची कळ ते सांगत नाहीत. कंठ फुटलेला मुलगा दार आपटतो. आपण त्याच्या डोक्यावर अजून लहानपणचाच हात फिरवत असतो. रात्रपाळी करून आलेली सून सकाळी तुटकपणे बोलते. प्रत्येक वेळी ओठांवर तेच वाक्य येते: एवढे केले, आणि हा असा उलटला. ते वाक्य ओठांवर आले की क्षणभर थांबावे, हात मागे घ्यावा आणि त्याआधी तो जीव काय सांगत होता ते आठवून पाहावे.

रामकृष्णहरी.